मुक्त संचालन प्रणालीचा गृहप्रवेश : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

संगणक घरात येणे ही एक घटना होय. त्या संगणकाची संचालन प्रणाली, म्हणजे ज्या मूळ आज्ञावलीवर यंत्राचा सर्व व्यवहार चालतो ती, घरच्या माणसाने स्वतः निवडणे, स्वतः बसवणे आणि आपल्या भाषेला व सोयीला अनुरूप अशी वळवून घेणे ही त्याहून निराळी घटना होय. पहिलीचा इतिहास बाजारपेठेच्या इतिहासात सामावतो. दुसरीचा सामावत नाही. मुंबईच्या उत्तरेस वसईच्या खाडीपलीकडे पसरलेल्या वसई-विरार परिसराच्या संदर्भात ही दुसरी घटना तपासली असता असे दिसते की, मुक्त प्रणाली घरात चालती करणे आणि तिला मराठी करणे ही दोन कार्ये भिन्न काळी, भिन्न हातांनी पार पडली, आणि त्यांची गाठ वेळेवर पडली नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ‘लिनक्स’ हा गाभा प्रसिद्ध केला व पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. या परवान्यानुसार आज्ञावली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत इतरांस देण्याचा अधिकार प्रत्येकास मिळतो. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोहोंस एकच शब्द असल्याने तिकडे या बाबतीत पुष्कळ वाद झाला. मराठीत दोन शब्द आहेत, तरीही गैरसमज टळला नाही. मुक्त प्रणाली लोकांनी घेतली ती फुकट म्हणून, असे सर्रास म्हटले जाते. हे मत टिकण्यासारखे नाही. सुटे भाग जोडून तयार केलेल्या तत्कालीन संगणकांत विंडोजची विनापरवाना प्रत आधीच घातलेली असणे ही नित्याची गोष्ट होती; ग्राहकाच्या दृष्टीने तीही फुकटच. सबब किंमत हे कारण पुरेसे ठरत नाही.

निर्णायक ठरली ती वाहतूक. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांस खुले केले, तेव्हा घरगुती जोडणीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका अल्प होता. त्या वेगाने ६५० मेगाबाइटची एक तबकडी उतरवून घ्यावयाची तर सुमारे दीडशे तास दूरध्वनी अडकून पडावा! त्यातही खाडीपलीकडची स्थिती वेगळी होती. भाईंदरपर्यंत मुंबईचा ०२२ हा संकेतांक चाले. नायगावपासून पुढे ०२५० सुरू होई, आणि दूरध्वनीचे खातेही बदले. एकाच उपनगरी गाडीने रोज जाणारी-येणारी वस्ती दूरध्वनीच्या हिशेबी मात्र परगावची होती. त्यामुळे या भागात लिनक्स तारेवरून येणे व्यवहारात दुष्कर होते. प्रणाली यायची ती तबकडीवरून, आणि तबकडी यायची ती मासिकातून किंवा लॅमिंग्टन रोडवरून लोकल गाडीने.

या मार्गाचा आरंभ १९९६ मध्ये झाला. ‘पीसी क्वेस्ट’ या संगणकविषयक मासिकाने त्या वर्षी अंकासोबत लिनक्सची तबकडी दिली. हा उपक्रम पुढे अनेक वर्षे चालला. त्यामागील प्रमुख व्यक्ती अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचा जन्म बर्लिनचा, शिक्षण बेळगावचे आणि कर्मभूमी बंगळूरची. मासिकाच्या किमतीत संपूर्ण प्रणाली आणि ती बसविण्याची कृती हाती पडे, आणि एका तबकडीवर कितीही घरांचे काम भागे, तेही परवान्याच्या पूर्ण संमतीने. वसई रोड येथे १९९४ साली विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले होते. ज्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळेत युनिक्स शिकावयाचे, पण प्रयोगशाळेची वेळ संपताच यंत्र सोडावयाचे, त्याला युनिक्सच्याच वळणाची प्रणाली घरी असण्याचे मोल निराळे सांगावयास नको.

ती बसविणे मात्र सोपे नव्हते. हार्ड डिस्कचे विभाग पाडताना चूक झाली की घरातील सर्वांचे कागदपत्र नष्ट होण्याचा धोका असे. प्रणाली सुरू करून देणारा ‘लिलो’ हा कार्यक्रम आरंभीच्या आवृत्त्यांत डिस्कच्या १,०२४व्या सिलिंडरपलीकडे पोहोचत नसे. म्हणून लिनक्सचा आरंभभाग त्याच्या अलीकडेच ठेवावा लागे. पडद्याची वारंवारता मॉनिटरच्या पुस्तिकेत पाहून हाताने भरावी लागे. मोडेमची गोष्ट तर अधिकच विचित्र. स्वस्त मोडेमांपैकी पुष्कळसे आपले अर्धे काम विंडोजवर सोपवून मोकळे झालेले असत. लिनक्समध्ये ते मुके राहत. कमी स्मृतीच्या यंत्रावर केडीई किंवा ग्नोम यांसारखे भरगच्च डेस्कटॉप संथ चालत, म्हणून आइस-डब्ल्यूएमसारखा हलका खिडकी-व्यवस्थापक निवडला जाई. गाभा आपल्या यंत्रापुरता पुन्हा संकलित करून घेणे हा तर जाणकारीचा कस मानला जाई. आपले यंत्र नेमके कोणत्या भागांचे बनले आहे हे घरातील कोणा एकास तरी या निमित्ताने कळत असे, हा या खटाटोपाचा परिणाम दुर्लक्षणीय नाही.

विजेचा प्रश्न याहून स्थानिक. मुंबई शहर व उपनगरे भारनियमनातून वगळलेली होती; तेथील वीज बेस्ट, टाटा आणि इतर कंपन्यांकडून येई. वसई-विरारला ती राज्य विद्युत मंडळाकडून, आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर महावितरणकडून येऊ लागली. म्हणजे दूरध्वनीप्रमाणे विजेचीही सीमा हीच खाडी. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज अवचित गेली की संगणक मध्येच बंद पडे. लिनक्सची ‘एक्स्ट-२’ ही जुनी संचिका-रचना अशा वेळी पुन्हा सुरू होताना संपूर्ण डिस्क तपासत बसे. प्रत्येक बदलाची आधी नोंद ठेवणारी ‘एक्स्ट-३’ रचना नोव्हेंबर २००१ मध्ये मुख्य गाभ्यात आली, तेव्हा ही तपासणी जवळजवळ संपली. अखंड वीज असलेल्या देशात ही सुधारणा तांत्रिक सोय म्हणून नोंदली जाईल. खाडीच्या उत्तर तीरावर ती घरगुती गरज होती.

२००५ पासून वाहतुकीचा प्रश्नही सुटू लागला. ‘उबुंटू’ या प्रणालीचे चालक मागणी करणाऱ्याच्या घरच्या पत्त्यावर तबकड्या टपालाने विनामूल्य, टपालखर्चही न घेता, पाठवीत; ही योजना एप्रिल २०११ पर्यंत चालली. तबकडीवरूनच प्रणाली चालवून पाहावी, पसंत पडल्यास बसवावी, अशी तिची रीत असल्याने कागदपत्र गमावण्याचे भयही कमी झाले.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. मुक्ततेचा खरा कस मराठीच्या बाबतीत लागावयाचा होता तो अक्षराशी. सन १६१६ मध्ये गोव्यात थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापावे लागले, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पावणेचारशे वर्षांनंतर घरगुती संगणकावर मराठी माणूस पुन्हा रोमन अक्षरांतच मराठी लिहीत होता, आणि कारण तत्त्वतः तेच होते. युनिकोडमध्ये देवनागरीस १९९१ पासून स्थान होते. परंतु संकेतांक असणे आणि पडद्यावर जोडाक्षर नीट उमटणे यांत अंतर असते. २००२ मध्ये ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ‘पँगो’ ही अक्षरजुळणीची व्यवस्था आली, तेव्हा ते अंतर तुटू लागले. मुक्त परवान्याचा देवनागरी टंक मुंबईतील इंडिकट्रान्स गटाने ‘गार्गी’ या नावाने दिला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले आणि रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले ‘लोहित’ टंक पुढे सर्वत्र रूढ झाले.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. देवनागरीचे संगणकीय घडण हिंदीस प्रमाण धरून होत होते. ‘इंडलिनक्स’ या २००० साली व्यंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या प्रकल्पाचे पहिले लक्ष्यही हिंदीच होते. ते स्वाभाविकही होते. पण हिंदीला रफाराचे एकच रूप पुरते, मराठीस पुरत नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातील खोल जागा. एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस तुंगारेश्वराचे डोंगर असलेल्या वसईला तरी हा भेद पटवून द्यावयास नको. युनिकोडच्या नियमांत हा अर्धा र लिहिण्यासाठी नुक्ता असलेल्या ऱ या वर्णाचा आधार घ्यावा लागतो, जो मराठी वर्णमालेत स्वतंत्र अक्षर म्हणून कोणी शिकत नाही. ‘ॲ’ या स्वराला तर स्वतःचा संकेतांक मिळावयास २००८ साल उजाडले. ल आणि श यांच्या मराठी वळणाचेही तसेच. ओपनटाइप टंकात भाषेनुसार अक्षररूप पालटण्याची सोय असते. टंकात ती भरलेली असेल आणि प्रणालीची भाषा मराठी ठेवली असेल, तर पाकळीचा ल आपोआप उमटतो. शासनाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांविषयी निर्णय २०२२ मध्ये काढला. टंक घडविणाऱ्यांपुढे हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी उभा राहिलेला होता.

अक्षरांमागून शब्द आले. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची, आणि त्याचा पदनाम कोश १९६२ चा; तेथे शब्द ठरविणारी समिती आणि ते वापरणारा कारकून यांच्यात कार्यालयीन आज्ञेचा दुवा होता. ग्नोम, केडीई, फायरफॉक्स यांचे मराठीकरण करणाऱ्यांजवळ असा दुवा नव्हता. ‘सेव्ह’ला जतन करा हे रुळले. ‘फाइल’ला धारिका म्हणावे की फाइलच ठेवावी, यावर एकवाक्यता सहजी होईना. नेहमीच्या शब्दांची एकसूत्री यादी करण्यासाठी २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा उपक्रम निघाला. विंडोजलाही पुढे मराठी आवरण मिळाले हे खरे. परंतु त्यातील खटकणारा शब्द बदलण्याचा अधिकार घरच्या माणसास नव्हता. मुक्त प्रणालीत तो होता, आणि ही तिची मोठी देणगी होती.

हा अधिकार वापरला गेला तो मूठभरांकडून. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून २००९ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली. ही नवी वस्ती वाढत असताना, म्हणजे मराठी डेस्कटॉप बऱ्यापैकी तयार होत असताना, ज्यांनी १९९६ ते २००४ या काळात कष्टाने प्रणाली बसविली होती त्यांचे हात इंग्रजी आज्ञांना सरावून गेले होते. आणि ज्यांना मराठीची गरज अधिक होती, त्यांच्या घरी लिनक्स बसवून देणारा कोणी नव्हता. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मराठी निवेदनासह लिनक्सचे पाठ तयार करून ही फट बुजविण्याचा स्तुत्य यत्न केला. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ पाहावा आणि उरलेल्या अर्ध्यात तो करून पाहावा, अशी त्याची पद्धती. मात्र पाठातील ध्वनी मराठी आणि त्यात दिसणारा पडदा बहुधा इंग्रजी, ही विसंगती त्यातही राहिली.

या इतिहासाच्या अभ्यासकास एक साधन विशेष उपयोगी पडेल. प्रत्येक मुक्त आज्ञावलीच्या मराठी अनुवादाची संचिका कोणालाही पाहता येते. तिच्या माथ्यावर शेवटच्या अनुवादकाचे नाव आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख, वेळेसह, नोंदलेली असते. पोथीच्या अखेरीस लेखक जशी पुष्पिका लिहीत असे, तशीच ही नोंद होय. फरक इतकाच की ती आरंभी येते, आणि पुढचा अनुवादक आला की आधीच्या नावावर त्याचे नाव चढते. म्हणून केवळ अखेरची प्रत पाहून भागत नाही. जुन्या आवृत्त्या एकेक उघडाव्या लागतात.