इंटरनेटची पहिली नोंदवही



वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे चाळीत असताना मंडळाच्या कपाटातून एक लाल बांधणीची वही हाती आली. आपल्या पहिल्या चिटणीसबाईंनी ती स्वहस्ते लिहिलेली आहे. तीत प्रत्येक सभासद भगिनीचे नाव, पत्ता आणि त्यापुढे 'कोणाच्या ओळखीने आल्या' असा तिसरा रकाना आहे. आज मंडळाचा बहुतेक कारभार मोबाइलवरील गटातून चालतो. सभेची सूचना, हळदीकुंकवाचे आमंत्रण, वर्गणीची आठवण, सारे काही तेथेच येते. तिसरा रकाना मात्र तेथे नाही. ती वही पाहताना मनात आले, की ज्या इंटरनेटवर आपला हा गट चालतो, त्याचीही एके काळी अशीच एक नोंदवही होती, आणि तीही एका स्त्रीच्याच स्वाधीन होती. तिची हकिगत सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही गोष्ट अमेरिकेतील. तेथील संरक्षण खात्याच्या खर्चाने विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील संगणक एकमेकांस जोडण्याचा एक प्रयोग सुरू झाला. 'अर्पानेट' हे त्याचे नाव. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून, सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे 'लॉगिन' हा शब्द धाडावयाचा होता. 'एल' पोचला, 'ओ' पोचला आणि पलीकडील संगणक बंद पडला! तासाभराने दुरुस्ती झाल्यावर काम पुरे झाले. आजच्या इंटरनेटचा जन्म हा असा अडखळतच झाला.

हा निरोप जातो कसा? समजा, बहिणीला दहा पानी पत्र धाडावयाचे आहे, पण टपालात केवळ पोस्टकार्डेच चालतात. मग आपण पत्राचे तुकडे पाडून एकेका कार्डावर लिहू, प्रत्येकावर तिचा पत्ता व अनुक्रमांक घालू आणि पेटीत टाकू. काही कार्डे एका वाटेने जातील, काही दुसऱ्या. बहीण ती क्रमाने लावील आणि एखादे हरवले असल्यास तेवढेच पुन्हा मागवील. इंटरनेटची रीत हीच. ही कल्पना अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या दोघांना १९६० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे सुचली. परदेशी असलेल्या लेकीने नातवाचे छायाचित्र धाडले, की तेही असेच तुकड्यातुकड्यांनी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून येते. यांपैकी कित्येक तारा आपल्या मुंबईच्या किनाऱ्यालाच लागतात. २००८ च्या जानेवारीत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन तारा तुटल्या, तेव्हा हिंदुस्थानातील कामकाजही मंदावले होते.

कार्ड पोचावयाचे तर पत्ता हवा. संगणकाचा पत्ता म्हणजे एक लांबलचक आकडा. तो माणसाच्या ध्यानात राहणे कठीण, म्हणून प्रत्येक संगणकाला एक नाव देण्यात आले, आणि कोणत्या नावाचा कोणता आकडा हे लिहून ठेवण्यासाठी एक यादी करावी लागली. हीच ती नोंदवही. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्रात ती ठेवली जाई, आणि या केंद्राचा कारभार एलिझाबेथ फाइनलर या बाई पाहत. त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर. १९७२ साली त्या या कामाकडे वळल्या आणि १९८९ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. कोठे नवा संगणक जोडला गेला, की तेथील माणूस त्यांच्या केंद्राला कळवी. केंद्रातील मंडळी ते नाव यादीत घालीत. आणि मग ती यादी सर्वांनी उतरवून घ्यावयाची. कोणत्या ठिकाणी कोणते काम चालते, कोणाला विचारावे, याची निर्देशिकाही त्यांनीच सिद्ध केली. ज्याला ठाऊक नसे, तो त्यांच्याकडे धाव घेई. ज्यांनी यंत्रे जोडली त्यांची नावे पुस्तकांतून झळकली. वही नीट ठेवणाऱ्या या बाईंचे नाव मात्र फार थोड्यांच्या कानी पडले.

पुढे पसारा वाढला आणि एका वहीत तो मावेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी अशी व्यवस्था आखली, की नावांची नोंद जागोजागी विभागून राहावी. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' ही जी शेपटे आज पोरासोरांच्या तोंडी आहेत, ती ठरविण्यात फाइनलरबाईंच्या केंद्राचा मोठा वाटा होता. त्यानंतर जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक योजना मांडली. एका पानावरील शब्दावर बोट ठेवावे आणि जगातील दुसरे पान उघडावे, अशी ती योजना. यालाच 'वेब' म्हणतात. इंटरनेट हा रस्ता, तर वेब ही त्यावरून होणाऱ्या वाहतुकीतील एक तऱ्हा. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही विद्या कोणताही मोबदला न घेता जगाला देऊन टाकली. या औदार्यामुळेच ती घरोघरी पोचली. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले.

परंतु येथेच एक गोष्ट मागे राहून गेली. हे जाळे विणणारी मंडळी एकमेकांच्या ओळखीची होती. वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंनी दिवसा दाराला कडी लावू नये, तसे त्यांचे वागणे. टपालातील पाकिटावर पाठविणाराने कोणाचेही नाव लिहावे, तशीच ई-मेलची मूळ रचना. लिहिणारा तोच आहे ना, हे पाहण्याची सोय तीत नव्हती. नोव्हेंबर १९८८ मध्ये एका विद्यार्थ्याने सोडलेल्या आज्ञावलीने तेव्हा जोडलेल्या संगणकांपैकी, अंदाजाने, दहावा हिस्सा ठप्प करून टाकला. तेव्हापासून कड्याकुलुपे पुष्कळ आली. तरीही पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चित्र एवढेच सांगते, की वाटेत कोणी पत्र फोडीत नाही. पलीकडे बसलेला मनुष्य सज्जन आहे, असे ते सांगत नाही.

ओळखीवाचून आलेला शब्द काय करू शकतो, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, असा निर्बंध घातला. पण अफवा पुढे धाडणारी बोटे कोणाची होती? तुमच्याआमच्यासारख्यांचीच. लेकरांच्या काळजीनेच ती चालली असतील, आणि म्हणूनच हे अधिक दुःखाचे आहे.

दुसरी गोष्ट अगदी आपल्या आळीतील. 'आज रात्री आपली वीज तोडण्यात येईल' असा निरोप आल्याने घाबरून एका भगिनीने त्यातील खूण दाबली, विचारलेले आकडे सांगितले आणि साठविलेले पैसे घालवून बसल्या. पैसे गेले त्याहून वाईट हे, की 'लोक हसतील' या लाजेने त्या दोन दिवस कोणाशीही बोलल्या नाहीत. अशा वेळी १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळविले, तर पैसे वाटेतच अडविले जाण्याची शक्यता असते. ते दोन दिवस त्यांच्या लाजेने खाल्ले; आणि ती लाज वाटावी असे वातावरण आपणच ठेवले, हा दोष आपल्या पदरी येतो.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. त्या लाल वहीतील तिसरा रकाना आपण पुन्हा सुरू करावा. तो कागदावर नसला तरी चालेल, मनात असावा. कोणताही निरोप पुढे धाडण्यापूर्वी 'हा कोणाच्या ओळखीने आला?' असे स्वतःस विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तो आपल्यापाशीच थांबवावा. आणि एखादी भगिनी फसली, तर तिने प्रथम मंडळाकडे यावे आणि आपण तिला बोल न लावता फोन उचलून द्यावा. जगाच्या जाळ्याची वही आता कोणा एकीच्या हाती राहिली नाही. आपल्या आळीची वही मात्र अजून आपल्याच हाती आहे. ती आपण फाइनलरबाईंच्या निष्ठेने ठेवू या.