धावणाऱ्या पावलांची वर्गणी

मंडळाची स्मरणिका हाती घेणाऱ्या वाचकास गणेशोत्सवाचे, नाट्यप्रयोगांचे आणि कोजागिरीचे वृत्तांत अपेक्षित असतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून निराळा आहे. शाळेतील मुले, त्यांचे शिक्षक आणि पालक एके सकाळी एकत्र धावतात आणि त्या धावण्यातून गावातील सेवासंस्थांसाठी निधी उभा राहतो, अशी एक प्रथा आज जगभर रूढ आहे. तिचा उगम कोठे आणि आम्हां जयपूरकर मराठी मंडळींचे तिच्याशी नाते काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

रीत साधी आहे. मूल एक कागद घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते. मैदानाच्या प्रत्येक फेरीमागे आपण किती रुपये देऊ, तो आकडा प्रत्येक जण आपल्या नावापुढे लिहितो. मग मूल जितके धावेल तितके देणे दात्यास भाग पडते. चतुर काका हात आखडता घेऊन आकडा लिहितात आणि पुतण्या वीस फेऱ्या मारून येतो, तेव्हा उभयतांचे चेहरे पाहण्यासारखे होत असतील!

वर्गणीचे वावडे मराठी माणसास कधीच नव्हते. प्रत्येकाने वर्षाकाठी केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योगास साह्य व्हावे, ही कल्पना घेऊन अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडले. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काचकारखाना उभा राहिला. त्या कारखान्याची धुरा सांभाळण्यास ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तर हिंदुस्थानातील तज्ज्ञ आले होते, ही गोष्ट पोटापाण्यासाठी उत्तरेकडे आलेल्या आपल्यासारख्यांनी आवर्जून स्मरणात ठेवावी.

धावण्याचा इतिहासही आपल्याकडे आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली. नियमांची माहिती नसतानाही त्यांचा वेग पाहून ते थक्क झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू धाडण्याचा विचार पक्का झाला. दोराबजींनी पदरचे पैसे घातले, इतरांचीही मदत मिळाली. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. म्हणजे धावणाऱ्यासाठी पैसा जमविणे आपल्याला ठाऊक होते. धावणाऱ्यानेच परक्यासाठी पैसा जमवावा, हा उलटा प्रवाह मात्र पुढे आला, आणि तो लोकप्रिय करण्यात सर्वांत मोठा वाटा कॅनडातील एका तरुणाचा होता.

कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांच्या मुलांना टेरी फॉक्स हे नाव सांगावे लागत नाही. वयाच्या अठराव्या वर्षी, १९७७ साली, कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर देश ओलांडण्यास निघाला. रोज सुमारे मॅरेथॉनएवढे अंतर, आणि प्रत्येक देशबांधवाकडून कर्करोग-संशोधनासाठी एक डॉलर, एवढेच त्याचे मागणे. हिशेब काळ्यांच्या पैशाचाच! १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसात पोहोचला आणि त्याला थांबावे लागले. जून १९८१ मध्ये तो वारला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच्या नावाची पहिली धाव झाली. तीत तीन लाख लोक उतरले आणि पस्तीस लाख डॉलर जमले. पुढे शाळाशाळांतून ती दर वर्षी होऊ लागली. आपल्या धावण्यातून कोणी स्वतःचा नफा करू नये, हा त्याचा आग्रह होता. त्या धावेस आजही प्रवेशशुल्क नाही आणि क्रमांकही नाहीत.

आपल्याकडे २००४ साली मुंबईत मोठी मॅरेथॉन सुरू झाली आणि आपल्या पसंतीच्या संस्थेसाठी धावण्याची सोय सर्वसामान्यांस मिळाली. जयपूरचीही स्वतःची मॅरेथॉन आता भरते. या महोत्सवांविषयी आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, फलक, सदरे आणि पाहुण्यांची भाषणे यांच्या गर्दीत पैसा कोणाकडे गेला हे धावणाऱ्यास पुष्कळदा कळतच नाही. शाळेच्या लहान धावेत ते कळते, कारण घेणारी संस्था चार रस्ते ओलांडून दिसते.

आमच्या सी-स्कीमला तर ती शोधावीही लागत नाही. सर मिर्झा इस्माइल दिवाण असताना, १९४२ ते १९४६ या काळात, जुन्या शहराबाहेर ज्या वसाहती आखल्या गेल्या त्यांतील ही एक. कागदोपत्री अशोकनगर, परंतु तसे म्हणणारा विरळाच. रुंद रस्ते, शाळा, पहाटे फिरावयास येणारे लोक, सारे धावेस अनुकूल. आणि जवळच सवाई मानसिंह रुग्णालय. तेथेच १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ घडविला. परदेशी पायावर बूट चढवावाच लागे, मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे; या रबरी पायावर माणूस अनवाणी शेतात चालू लागला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टेरी गेला तेच हे वर्ष. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी स्थापिलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय गरजूंना विनामूल्य बसविते.

मंडळाच्या बालविभागाने या सुवर्णमहोत्सवी वर्षात अशी एक धाव योजावी, असे सुचवावेसे वाटते. शुल्क नको, सदरे नकोत, क्रमांकही नकोत. कागद आणि पेन्सिल पुरे. मुलांनी स्टॅच्यू सर्कलपाशी, सवाई जयसिंहाच्या पुतळ्यासमोर जमावे. तेथून ते रुग्णालय शाळकरी मुलास धावत गाठता येईल इतकेच दूर आहे.