वाडा, धर्मशाळा आणि हॉटेल

भिवंडीजवळचे अंजूर हे गाव इतिहासात गंगाजी नाईकांमुळे प्रसिद्ध आहे. चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ या काळातील साष्टी-वसईच्या मोहिमेमागे या अंजूरकर नाईकांची केवढी खटपट होती, हे वाचकांस ठाऊक असेलच. नाईकांचा वाडा आजही अंजुरास आहे. त्या काळी अशा वाड्यांच्या ओसरीवर वाटसरूस आसरा मिळे. पण तो कोण, कोठला, कोणाचा, हे विचारल्यावाचून नव्हे. नाते, जात, ओळखीची चिठ्ठी, हेच तेथले भाडे. ज्याजवळ ते नसे, त्याने धर्मशाळा गाठावी. तेथे छप्पर फुकट. शिधा मात्र आपला आणि चूल तीन दगडांची. भिवंडीच्या बाजारास भात घेऊन येणारा गाडीवान तर बहुधा आपल्या गाडीखालीच निजे.

पैसे घेऊन शिजलेले अन्न वाढणे म्हणजे अन्नविक्रय, आणि तो आपल्या समाजात हीन मानला जाई. ही समजूत ढिली केली ती आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी ती ठाण्यास आली, पुढल्याच वर्षी कल्याणास पोहोचली, आणि व्यापारी, विद्यार्थी व पक्षकार मुंबईकडे धावू लागले. इतक्या पाहुण्यांस पुरतील एवढे आप्त त्या शहरात कोठून असणार? खाणावळी आणि उतारूंची गृहे निघाली ती या गरजेतून. १८६९ मध्ये बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटासमोरचे सरदारगृह त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. लोकमान्य टिळक मुंबईत तेथेच उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. ज्यांच्या अंत्यदर्शनास सारे शहर लोटले, त्यांचा अखेरचा श्वास एका उतारगृहात जावा, यातच या नव्या संस्थेने मिळविलेली प्रतिष्ठा दिसून येते.

तथापि तिचे दार सर्वांस उघडे नव्हते. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशांतून विद्या संपादून बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. तेथे त्यांस कोणी हिंदू जागा देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून, दररोजचे भाडे भरून आश्रय घेतला. अकराव्या दिवशी दंडुके घेतलेला जमाव दाराशी आला, आणि त्यांस सामानासह बाहेर पडावे लागले. पैसे होते, विद्वत्ता होती, अधिकार होता. परंतु वाड्यावरचा तो जुना प्रश्न भाड्याच्या खोलीपर्यंत त्यांच्या मागोमाग आला होता.

पुढे हेच गृहस्थ राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या त्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घालून सांगितले आहे की, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणासही तेथे प्रवेश नाकारता येणार नाही. एवढ्या गंभीर ग्रंथात हॉटेलासारखी क्षुल्लक वस्तू कशाला, असे ज्यास वाटेल त्याने बडोद्याची ती संध्याकाळ आठवावी.

वाड्यातल्या अगत्याची गोडी हॉटेलास नाही, असे आपण वारंवार ऐकतो, आणि ते खोटे नव्हे. परंतु भिवंडीच्या एखाद्या हॉटेलात मालमोटारीचा चालक, यंत्रमागावरचा कामगार आणि कापडाचा व्यापारी शेजारी बसून चहा घेतात, तेव्हा तेथे कोणी कोणास कूळ विचारीत नाही. आमच्या मते हॉटेलाची खरी गोडी या न विचारण्यात आहे.