काडीमोड आणि तेरावा पत्ता

जानेवारीत वीकांताला जोडून सुट्टी टाकली आणि यवतमाळला घरी गेलो. सॅकमध्ये लॅपटॉप आणि एका मैत्रिणीने दिलेला टॅरोचा संच. माझं चार वर्षांचं एक नातं दर दोन महिन्यांनी तुटायचं आणि परत जोडलं जायचं. "रोज एक पत्ता उघड आणि त्यात तुला काय दिसतं ते वहीत लिही," एवढंच मैत्रीण म्हणाली होती. आता आपण पडलो इंजिनियर, त्यामुळे आधी इतिहास खणला.

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातला, उत्तर इटलीतला पत्त्यांचा डाव. एकूण ७८ पत्ते, त्यातले २२ खास चित्रांचे. तीनेकशे वर्षं लोक मुख्यतः त्याने खेळलेच. मग १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने जाहीर केलं की ही प्राचीन इजिप्तची गुप्त विद्या आहे. गंमत म्हणजे इजिप्तची चित्रलिपी वाचायची किल्ली शांपोलियाँला सापडली ती १८२२ मध्ये! आज सगळीकडे दिसतो तो संच १९०९ चा, लंडनचा. चित्रं पामेला कोलमन स्मिथची.

थोडक्यात, पत्त्यांना भविष्य वगैरे काही कळत नाही. तरी घरी पोचलो त्या दिवशी तेरावा पत्ता निघाला, मृत्यूचा. जुन्या फ्रेंच संचांत या पत्त्यावर बहुधा नुसता आकडा असतो, नाव नसतं. वहीत लिहिलं, "नाव न घेतलेली गोष्ट", आणि तिथेच थांबलो. ती गोष्ट मला वर्षभर माहीत होती.

आजी शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. "हे काय काढलं रे बाप्पा?" तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पहिले पंचाइपुढं काडी मोडत. काडीत काय असते? पण मोडली का सगळ्याइले दिसते."

काडीमोड! हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण त्यातली काडी मला कधी दिसलीच नव्हती. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडून नवराबायको वेगळे होत. सोडचिठ्ठी, फारकत हे शब्दही त्याच जगातले. पंच नेहमी न्यायीच असत असं नाही. पण ज्या 'वरच्या' म्हणवणाऱ्या घरांत ही काडीच नव्हती, तिथल्या बाईला सुटकेची वाटच नव्हती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट आणला आणि कलम २९ मध्ये रूढीची फारकतही कायम ठेवली.

रात्री गच्चीवरून तिला फोन केला. या वेळी भांडण झालं नाही. बोलणं पंधरा मिनिटांत संपलं.

खाली आलो तर आजी जागीच. "मोडली?"

"मोडली."

"मंग जेव आता."