फटफटीचा पॉइंट

बुलेट चालू करण्याआधी आमचे अण्णा तिच्यापाशी मिनिटभर नुसते उभे राहायचे. चावी फिरवली की हेडलाइटच्या डोक्यावरच्या छोट्या मीटरचा काटा डावीकडे पडायचा. मग किकवर पाय ठेवून ते ती अगदी हळू दाबत. काटा डावीकडून उठून मध्यावर आला की पाय थांबला. मुठीखालची डीकॉम्प्रेशनची दांडी ओढायची, किक आणखी बोटभर खाली न्यायची, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची. आणि मग एकच लाथ. गल्लीतली तरणीताठी पोरं दहा-दहा किका मारून घामाघूम व्हायची, आणि पन्नास किलोचा हा माणूस धोतर सांभाळत एका लाथेत गाडी उठवायचा.

काटा मध्यावर आला म्हणजे नेमकं काय झालं, असं मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "पॉइंट उघडले."

पॉइंट म्हणजे टंगस्टनच्या दोन टिकल्या, मसुराच्या डाळीपेक्षा थोड्या मोठ्या. एक पत्र्याच्या पट्टीवर पक्की बसवलेली, दुसरी स्प्रिंगच्या दांडीवर. दांडीला फायबरची एक टाच असते. मधला कॅम फिरत फिरत तिला उचलतो आणि टिकल्या एकमेकींपासून सुटतात. किती? ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. एवढ्या फटीवर साडेतीनशे सीसीच्या गाडीचा सगळा डौल.

याचं पूर्ण नाव कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट. आपल्या गॅरेजांनी शेपटाचा शब्द ठेवला आणि कामाचा टाकून दिला. काम आहे ते 'ब्रेकर'चं. ठिणगी दोन तारा जुळल्यावर पडते असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. पण इथे ती पडते जुळलेलं तुटताना. घरातला पंखा बंद करताना कधीकधी बटणामागे निळसर चमकतं, ते आठवा. चालू असलेला प्रवाह सुखासुखी थांबत नाही. कॉइलच्या आतल्या जाड तारेतला प्रवाह पॉइंटने एकदम तोडला की तिचं चुंबकत्व कोसळतं, आणि त्याच गाभ्यावर हजारो वेढे घेतलेल्या बारीक तारेत काही हजार व्होल्ट उसळतात. बॅटरी सहा व्होल्टची, प्लगच्या टोकाशी मात्र विजेचा कडाका.

ही युक्ती मोटारसायकलवाल्यांची नव्हे. मोटारसायकलच काय, पेट्रोलचं इंजिनही ती निघाली तेव्हा नव्हतं. आयर्लंडमधल्या मेनूथच्या धर्मविद्यालयात निकोलस कॅलन नावाचे पाद्री विज्ञान शिकवत. १८३६ मध्ये त्यांनी लोखंडाच्या गाभ्यावर जाड आणि बारीक अशा दोन तारा गुंडाळून पहिली इंडक्शन कॉइल केली. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रवाह तोडायला घड्याळाची यंत्रणा लावली. ती सेकंदाला वीस वेळा प्रवाह तोडायची. वीस हा आकडा वाचला आणि मी कागदावर गणित मांडलं. बुलेटला दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते. म्हणजे मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी चाललेल्या बुलेटचे पॉइंट सेकंदाला बरोब्बर वीस वेळा उघडतात. पाद्रीबाबांचं ते घड्याळ अण्णांच्या मांडीखाली चालू होतं म्हणायचं!

पुढे पॅरिसमधले जर्मन कारागीर हाइन्रिश रुमकॉर्फ यांनी कॉइल सुधारली. तिच्यात काही किलोमीटर तार असायची. प्रवाह तोडायला विजेच्या घंटीत असते तशी थरथरती हातोडी. हातोडीची टोकं मात्र जळून जात. १८५३ मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्या फटीला समांतर कंडेन्सर जोडून दिला. तुटत्या प्रवाहाचा लोंढा त्यात शिरतो. त्यामुळे फटीतला जाळ कमी होतो आणि प्लगची ठिणगी दणदणीत पडते. बुलेटमधली ती बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी, जी गेली की गाडी तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखी चालू होते, ती हीच. दीडशे वर्षांत तिच्यात फारसं काही बदललं नाही.

१८६० मध्ये पॅरिसच्याच लेन्वार यांनी रुमकॉर्फची कॉइल वापरून आपल्या गॅसच्या इंजिनात ठिणगी पाडली. इथून रस्ता सरळ असायला हवा होता. तो तसा गेला नाही. गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी सांगाड्याची पहिली पेट्रोल-दुचाकी केली, तेव्हा विजेच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं. त्यांनी सिलिंडरमध्ये एक नळी घुसवली आणि ती बाहेरून बर्नरच्या ज्योतीने लालबुंद ठेवली. ती ज्योत नेमकी बसायच्या जागेखाली होती. डाइमलर यांचा मुलगा पाउल कानश्टाटहून गाडी घेऊन निघाला आणि वाटेत सीट पेटली. पहिल्याच फेरीत!

तप्त नळीत जाळण्याहून मोठा दोष होता: भडका कधी उडावा हे तिला सांगताच येत नाही. इंजिन सावकाश चालतं तोवर खपतं. फ्रान्समधल्या दि दियाँ-बुताँ कंपनीला आपलं छोटं इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या पुढे पळवायचं होतं, डाइमलर यांच्या इंजिनाच्या दुपटीने. घंटीसारखी थरथरणारी हातोडीही इथे पुरेना, कारण ती आपल्या तालात थरथरते, इंजिनाच्या नव्हे. १८९५ च्या सुमारास जॉर्ज बुताँ यांनी बॅटरी आणि कॉइल ठेवली, पण प्रवाह तोडायचं काम इंजिनाच्याच कॅमला दिलं. पॉइंटचा जन्म तारखेनिशी सांगायचाच तर मी इथे बोट ठेवीन. पिस्टन कुठे आहे हे आता कॉइलच्या ठिणगीला कळलं.

याच कंपनीच्या तीनचाकीवर १८९७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने आपला मॅग्नेटो बसवला. मॅग्नेटो आपली वीज आपणच करतो, बॅटरी नको. १९०२ मध्ये बॉशकडचे गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग केला, आणि पुढची काही वर्षं सगळं जग त्यावर पळालं. बॉशच्या खुणेत वर्तुळातलं जे 'एच'सारखं दिसतं, ते मॅग्नेटोच्या फिरत्या गाभ्याचं चित्र. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिशांच्या ध्यानात आलं, की आपल्या लष्करी गाड्यांची ठिणगी तर शत्रूच्या कारखान्यातून येते. आपल्याकडे १९५१ पासून बेंगळुरूला 'मायको' हे त्याच घराण्याचं दुकान चाललं. 'मायकोचा प्लग दे' असं मागायची सवय लागलेले मेकॅनिक कंपनीचं नाव बदलल्यावरही तसंच मागतात.

बॅटरीचं पुनरागमन अमेरिकेतून झालं. ओहायोमधल्या डेटन गावात चार्ल्स केटरिंग आणि मित्रमंडळी एका कोठारात रात्रीची खटपट करत. थरथरत्या कॉइली प्रत्येक स्फोटाला ठिणग्यांचा सडा पाडत आणि बॅटऱ्या पिऊन टाकत. केटरिंग यांचं म्हणणं, एकच पण वेळेवरची ठिणगी पुरे. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर ती व्यवस्था आली. गाड्यांना नाहीतरी दिव्यासाठी, पुढे स्टार्टरसाठी बॅटरी लागणारच होती. मॅग्नेटोचं मोठं वैशिष्ट्यच त्यामुळे निरुपयोगी झालं. मोटारसायकलींनी बराच काळ दाद दिली नाही. १९४९ ची इंग्लंडच्या रेडिचमधली बुलेट ल्युकासच्या 'मॅग्डिनो' या मॅग्नेटोवरच होती. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली, आणि आपल्या रस्त्यांनी जी बुलेट ओळखली ती बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची. मूळ इंग्लिश कंपनी १९७० मध्ये मिटली तरी आपल्याकडे २००० नंतरही काही वर्षं साध्या बुलेटवर पॉइंट होतेच.

म्हणजे आपण ज्याला अस्सल आणि मूळचं म्हणून कवटाळतो, ते स्वतःच कुणाचं तरी 'अपग्रेड' होतं. मॅग्नेटोवाल्या म्हाताऱ्यांनी त्याही वेळी नाकं मुरडली असणार.

पॉइंटचं कौतुक मला एवढ्यासाठी, की ते उघड्यावर असतात. झाकणाचे स्क्रू काढा, सगळं डोळ्यांसमोर. टाच झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते, गाडी चढावर दमते. टिकलीवर एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे गाठ आली तर कंडेन्सरवर संशय. पॉलिश पेपरची घडी टिकल्यांमध्ये घालून ओढायची, मग पेट्रोलचा बोळा फिरवायचा. नाहीतर वाळूचा कण राहतो आणि गाडी पुन्हा मिस मारते. फिलर गेज नसेल तर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. टायमिंग लावायला अण्णा सिगरेटच्या पाकिटावरचा पारदर्शक पातळ कागद वापरत. तो टिकल्यांत धरायचा, चाक हळूहळू फिरवायचं, कागद सुटून हातात आला की त्या क्षणी पॉइंट उघडले. पिस्टनला वरच्या टोकाला पोचायला तेव्हा मिलिमीटरभरही उरलेलं नसतं. जन्मात विडी न ओढलेल्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात पाकिटाचा कागद सापडून आजीने घर डोक्यावर घेतलं होतं, ही आमच्या घरातली जुनी कथा.

अँपिअरच्या काट्याचं रहस्यही इथेच. पॉइंट मिटलेले असताना कॉइल बॅटरीतून वीज ओढते, काटा डावीकडे. उघडले की ओढणं थांबतं, काटा मध्ये. पॉइंटचा कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून हे प्रत्येक दुसऱ्या फेरीलाच घडतं, नेमकं दाबाच्या वेळी. पिस्टन कुठे आणि कोणत्या खेपेला आहे हे काट्याने सांगायचं आणि पायाने ऐकायचं. ऐकलं नाही तर किक उलटी येते. त्यात दुखावलेल्या घोट्यांचे किस्से कोल्हापुरात घरटी एक सापडेल.

अण्णांची गाडी सत्तरच्या दशकातली. बारा वर्षं गोठ्यात पडून होती. दोन वर्षांपूर्वी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे ती उघडली. टाकीवरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा धुळीखाली शाबूत होत्या; वायरिंगचं कातडं मात्र हात लावताच पापडासारखं मोडलं. वायरिंग नवंच करायचं तर सहा व्होल्टचं बारा करावं, आणि बारा करतोच आहोत तर पॉइंटही काढावेत, असं माझ्या मनात. मिस्त्रींनी विचारलं, "अण्णांस्नी विचारलंसा का?" मी नव्हतं विचारलं.

पॉइंटला पर्याय काही आजचा नाही. १९६९ च्या कावासाकी एच-वन या पाचशे सीसीच्या गाडीवर सीडीआय होतं. आपल्याकडे हा शब्द १९८५ च्या आसपास जपानी भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्यांबरोबर गॅरेजात शिरला आणि मग प्रत्येक काळ्या डबीला चिकटला. खरं तर त्यात दोन जाती आहेत. सीडीआय तोडत नाही, ओतते: आधी कपॅसिटर शेकडो व्होल्टने भरून घ्यायचा आणि वेळ आली की सगळा एकदम कॉइलमध्ये रिकामा करायचा. जुन्या गाड्यांना बसवायला जे संच मिळतात, त्यांतले बरेचसे मात्र तोडणारेच. कॅमच्या जागी चुंबक फिरतं, पट्टीच्या जागी सेन्सर ते ओळखतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. कॅलन यांनी ओळखली असती अशी युक्ती. फक्त टाच नाही, टिकल्या नाहीत, झीज नाही.

मी तोच संच घेतला. पॉइंटची पट्टी काढून त्याच दोन स्क्रूंवर नवी पट्टी बसली. जुनी प्लगची टोपी बदलून रोधकवाली लावली, नाहीतर ठिणगीच्या गोंगाटाने डबीचं डोकं फिरतं. मिस्त्री डबी हातात घेऊन उलटसुलट बघत होते. "ह्येच्यात बगायचं काय? सगळं बंद." पण गाडी दुसऱ्या किकला उठली आणि अशा सुरात स्थिरावली, की त्यांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकलं आणि मान डोलावली.

पंधरा दिवसांनी पन्हाळ्याला निघालो, वाघबीळच्या चढावर गाडी बंद पडली. हॉर्न दाबला तर मांजराचा आवाज. नव्या संचाबरोबर दुसऱ्या गाडीची वापरलेली बॅटरी बसवून चार पैसे वाचवले होते मीच. पॉइंट अशा अर्धमेल्या बॅटरीवरही खोकत-खोकत घरी आणतात. डबीला ठराविक व्होल्ट मिळाले नाहीत तर ती सरळ गप्प बसते. रस्त्याच्या कडेला झाकण उघडलं तर आत बघायला खरोखरच काही नव्हतं.

नवी बॅटरी टाकून गाडी घरी आणली त्या संध्याकाळी अण्णा काठी टेकत अंगणात आले. हँडल धरलं, चावी फिरवली, किकवर पाय ठेवला. काटा डावीकडे झुकला आणि दोन-चार सेकंदांत आपोआप मध्यावर आला. इंजिन फिरत नसेल तर ही डबी प्रवाह स्वतःच बंद करते. कॉइल तापू नये, बॅटरी उतरू नये म्हणून. अण्णांनी किक हळू दाबली. काटा हलला नाही. पुन्हा दाबली. नाहीच.

"मीटर बिघडलाय," ते म्हणाले.

"पॉइंट काढलेत, अण्णा."

ते काही बोलले नाहीत. मीटरवरची नजर काढून त्यांनी समोरच्या भिंतीकडे लावली आणि पाय पुन्हा हळूहळू खाली नेला, जिथे किक कडक लागते तिथवर. दांडी, बोटभर खाली, दांडी सोडली. जोराची लाथ आता त्यांच्याच्याने होत नाही, ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, "आता मार."

एका किकमध्ये उठली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी विचारलं, जुने पॉइंट टाकलेस की काय. मी बाजूची पेटी उघडून दाखवली: पट्टी, कंडेन्सर, फिलर गेज, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं. त्यांनी पिशवी घेतली, उघडली, टिकल्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, घासायला झालेत.