एरंड लंडनला गेला तेव्हा: काळपट पानांची गोष्ट

बसमध्ये असा, ट्रेनमध्ये असा नाहीतर भांडी घासत असा, आज मी तुम्हाला एका बागेत नेणार आहे.

सुरुवात एका म्हणीने करते. ‘ओसाड गावी एरंड बळी.’ आजीच्या तोंडून ऐकली असेलच. जिथे दुसरं झाडच नाही तिथे एरंडसुद्धा मोठा ठरतो, असा तिचा टोमणा. आपल्याकडे एरंडाची किंमत एवढीच. उकिरड्यावर उगवतो, रस्त्याकडेला वाढतो, कुणी मुद्दाम लावलाच तर तेलासाठी.

आता चला लंडनला. साल 1864. थेम्स नदीच्या दक्षिण काठावरच्या बॅटरसी पार्कमध्ये लोक नवीन बाग बघायला येतायत. तिथे मोक्याच्या जागी उभा कोण? आपला एरंड! त्याच्या सोबतीला कर्दळ आणि केळी. लोक थांबून फुलं नाही, पानं बघतायत.

हे घडवून आणलं जॉन गिब्सन नावाच्या माळ्याने. त्याचा भारताशी जुना संबंध होता. 1835 साली, तरुणपणी, त्याला इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या ड्यूककडून कलकत्त्याला पाठवलं गेलं. काम होतं ऑर्किड गोळा करायचं आणि ज्याला आपण उर्वशी म्हणतो, ते लालभडक फुलांचं झाड मिळवायचं. तो खासी टेकड्यांमध्ये फिरला आणि 1837 साली शेकडो झाडं घेऊन परतला. पुढे तोच बॅटरसी पार्कचा प्रमुख झाला.

त्या काळात इंग्लंडच्या बागांत वेगळीच फॅशन होती. लालभडक जिरेनियम, पिवळं कॅल्सिओलारिया, निळं लोबेलिया, सगळं वाफ्यात ठासून भरायचं. गालिचाच म्हणा ना! पण सगळंच भडक असलं की डोळा टिकणार कुठे? म्हणून गडद पानांची झाडं आली. पूर्व आशियातून आलेलं जांभळट-काळं पेरिला, जावा बेटावरून आलेलं कोलियस, आणि लालसर-तपकिरी पानांची कर्दळ. आपण जिला आपलीच समजतो ती कर्दळ मुळात अमेरिकेतली बरं का. फ्रान्समध्ये तेओडोर आने नावाच्या गृहस्थाने 1848च्या सुमारास तिचे संकर करायला घेतले, आणि पॅरिसच्या बागांना तिचं वेडच लागलं. गिब्सनने ते पॅरिस बघितलं होतं.

पानं काळपट का दिसतात, तेही सांगते. अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते ना, तोच प्रकार. पानातलं हिरवं कुठे जात नाही, या रंगाखाली ते आपलं काम करतच असतं. यातल्या बऱ्याच झाडांना भरपूर ऊन मिळालं तर रंग गडद होतो, सावलीत तो हिरवट पडतो.

पण या हौसेची किंमत होती. एरंड काय, केळी काय, लंडनच्या थंडीत मरणारच. म्हणजे बिया काचघरात पेरायच्या, कोळसा जाळून ऊब द्यायची, जूनच्या सुमारास बाहेर लावायचं आणि गारठा पडायच्या आत पुन्हा सगळं उपटायचं. 1845 साली काचेवरचा कर रद्द झाल्यामुळे काचघरं स्वस्त झाली होती. माळ्यांची मजुरी कमी होती. म्हणून हा थाट जमला. जगभरातून माणसं पाठवून झाडं उचलून आणणारं साम्राज्य मागे उभं होतं, हेही विसरून चालणार नाही.

मग विल्यम रॉबिन्सन आला. 1870 साली ‘द वाइल्ड गार्डन’ या पुस्तकात त्याने ही वाफे भरायची पद्धत झोडपून काढली. दरवर्षी उपटायचं आणि दरवर्षी लावायचं, याला बाग म्हणायचं का? जी झाडं त्या मातीत, त्या हवेत आपोआप तगतील ती लावा, हे त्याचं म्हणणं. गंमत बघा, याच रॉबिन्सनने पुढच्याच वर्षी ‘द सबट्रॉपिकल गार्डन’ लिहिलं आणि त्यात मोठ्या, देखण्या पानांचं कौतुक केलं. म्हणजे त्याचं भांडण पानांशी नव्हतं. झाडाला नुसता रंगाचा ठिपका समजण्याशी होतं.

फॅशन उतरली. पेरिला इतकं वापरलं गेलं की लोकांना त्याचा कंटाळा आला. पण जपानमध्ये त्याच पेरिलाच्या लाल पानांनी आंबट उमेबोशी रंगवतात, आणि आपल्या उत्तराखंडात त्याच्या बियांना भंगजीरा म्हणतात, चटणी करतात. एकीकडे वाफ्यातला रंग, दुसरीकडे रोजचं जेवण. झाड एकच!

आणि 1993 साली पुन्हा चक्र फिरलं. इंग्लंडमधल्या ग्रेट डिक्स्टर इथे ख्रिस्तोफर लॉइड यांनी जुनी गुलाबबाग काढून टाकली आणि तिथे कर्दळ, केळी, एरंड, डेलिया लावले. गुलाबप्रेमी हळहळले. पण गडद पानं पुन्हा चर्चेत आली.

आता तुमच्या गॅलरीकडे या. काळपट पानांचं झाड काळ्या ग्रिलसमोर किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलंत तर ते दिसणारच नाही. त्याच्या शेजारी पोपटी किंवा पिवळसर पानांचं काहीतरी हवं, आणि मागून ऊन आलं तर उत्तमच. तीन-चार हिरव्या कुंड्यांमागे एखादी गडद कर्दळ पुरते. आपल्याला काचघर लागत नाही, कोळसा लागत नाही. गिब्सनला जे जमवायला एवढा खटाटोप करावा लागला, ते आपल्या हवेत पाण्यावर आणि शेणखतावर होतं.

एक मात्र लक्षात ठेवा. एरंडाच्या बिया विषारी असतात. घरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असेल तर तो लावू नका, लांबूनच बघा. पण बघा नक्की! पुढच्या वेळी रस्त्याकडेला लालसर पानांचा एरंड दिसला तर दोन मिनिटं थांबा. त्याला बघायला एके काळी लंडनमध्ये गर्दी व्हायची.

तुमच्या गल्लीत अशी काळपट पानांची झाडं कोणती आहेत, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर कुंड्यांना पाणी घाला!