वाफ त्यांची, आग आपली

इंग्रजीने वाफेच्या नावावर एक अख्खे युग उभे केले. स्टीम इंजिन, स्टीमर, स्टीमरोलर ही यंत्रांची नावे झाली आणि मग हा शब्द माणसांच्या वागण्याबोलण्यात शिरला. मनातला राग मोकळा करणे म्हणजे तिथे 'वाफ सोडणे', दम संपणे म्हणजे 'वाफ संपणे', कोणाच्या मदतीवाचून जाणे म्हणजे 'स्वतःच्या वाफेवर' जाणे. 'स्टीमी' हे विशेषण मुळात दमट न्हाणीघराला किंवा वाफ धरलेल्या काचेला लागायचे. विसाव्या शतकात ते प्रणयदृश्यांनाही लागले. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी आल्यावर तर बिचाऱ्या रेडिओला थट्टेने 'स्टीम रेडिओ' म्हणू लागले. प्रगतीची खूण असलेला शब्द असा जुनाटपणाची खूण झाला.

मराठीने मात्र त्याच यंत्राचे नाव आगीवरून ठेवले. आगगाडी, आगबोट, बोलीत आगीनगाडी. शेजारच्या गुजरातीतही आगगाडी आणि आगबोटच. गाडी चालते वाफेवर. मग नावात आग का? 'लोकांना यंत्र कळले नव्हते, धूर आणि ठिणग्या दिसल्या म्हणून आग म्हणाले,' असे उत्तर सहज दिले जाते. ते अपुरे आहे.

कारण इंग्रजांनीही या यंत्राला आधी आगीचेच यंत्र म्हटले होते. टॉमस सेव्हरीने 1698 मध्ये खाणीतले पाणी उपसण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, ते 'आगीच्या जोराने पाणी चढवण्या'साठी. न्यूकमेनचे यंत्र 'फायर इंजिन' म्हणूनच ओळखले जाई. जेम्स वॉटच्या 1769 च्या प्रसिद्ध पेटंटमध्येही 'फायर इंजिनां'तील वाफेचा आणि इंधनाचा खप कमी करण्याची रीत सांगितली आहे. फ्रान्सच्या सादी कार्नो याने 1824 साली उष्णतेच्या शास्त्राचा पाया घालणारे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातही 'आगीची चालक शक्ती' आहे. पुढे इंग्रजीत 'फायर इंजिन' हे नाव आग विझवणाऱ्या बंबापुरते उरले आणि यंत्राला वाफेचे नाव चिकटले. मराठीने जो शब्द घडवला, त्याच्या जवळून इंग्रजीही गेली होती.

शास्त्राच्या दृष्टीनेही हे नाव चुकीचे नाही. काम करण्याची शक्ती येते कोळशाच्या जळण्यातून. वाफ ती शक्ती दट्ट्यापर्यंत पोचवते. शिवाय खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. किटलीच्या तोटीजवळ जी थोडी रिकामी जागा दिसते, तिथे वाफ असते. पुढचा पांढरा लोट म्हणजे थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब. ज्या आगीवर सारे चालते ती मात्र दिसते, भाजते आणि तिला सतत खाऊ घालावे लागते.

हे खाऊ घालणे किती जिकिरीचे होते, ते 'ह्यू लिंडसे' या आगबोटीवरून कळते. वाडिया कारागिरांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ही बोट मार्च 1830 मध्ये सुएझकडे निघाली. तिच्यात कोळशाची सोय साधारण साडेपाच दिवसांची आणि एडनचा टप्पाच अकरा दिवसांचा. मग जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला. बोटीचा प्रवास किती लांब, हे वाफ ठरवत नव्हती. कोळसा ठरवत होता. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला 34 किलोमीटर गेलेल्या 14 डब्यांच्या गाडीलाही तीन इंजिने होती आणि प्रत्येकाच्या पोटात धगधगती भट्टी.

बॉयलरचे तत्त्व आपल्या घरांनाही पुढे अगदी परिचयाचे झाले. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. स्टीफन्सनच्या 1829 च्या 'रॉकेट' इंजिनात अशाच तांब्याच्या 25 नळ्या पाण्यातून नेल्या होत्या. फरक इतकाच, की बंबातली वाफ कोंडलेली नसते.

मराठीत वाफ नाही असे नाही. ती राहिली माजघरात आणि आजारपणात. भाताला एक वाफ आणायची, पोह्यांवर झाकण ठेवून दणदणीत वाफ काढायची, उकडीचे मोदक वाफेवर शिजवायचे, सर्दीला वाफारा घ्यायचा. 'वाफाळलेला' हे आपले विशेषण चहाला शोभते, शृंगाराला नाही. तिथे आपण 'गरमागरम' म्हणतो, म्हणजे पुन्हा उष्णतेकडेच वळतो. आणि 'तोंडची वाफ दवडणे' म्हणजे व्यर्थ बोलणे. इंग्रजीत वाफ गेली की जोर गेला; मराठीत ती वाफ जोराची कधी नव्हतीच, ती श्वासाची होती. म्हणून अनुवादात 'त्याने वाफ सोडली' असे वाचले की मराठी वाचक अडखळतो. आपल्याकडे माणूस मन मोकळे करतो किंवा मनातली मळमळ बाहेर काढतो.

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली. तिच्यात ना आग होती ना वाफ. तरीही पुढच्या कितीतरी पिढ्या तिला आगगाडीच म्हणत राहिल्या. आता 'ट्रेन'ने तो शब्द जवळपास पुसला आहे. शब्द जातात, त्याला इलाज नसतो. पण जाताना त्याच्यावर अडाणीपणाचा शिक्का तरी नको. ज्यांनी तो घडवला, त्यांनी वॉट किंवा कार्नो वाचला नव्हता. त्यांनी नेमके तेच पाहिले होते.